गळ, क्लब आणि कोर्ट

गळ टाकून तासन्‌तास बसणाऱ्याला आपण सरळ रिकामटेकडा म्हणतो. पण इंग्लंडातल्या अशा मंडळींचा इतिहास वाचून मी थक्क झालो.

एकोणिसाव्या शतकात शेफिल्डचे सुऱ्या-कात्र्या घडवणारे कामगार पबापबांतून क्लब काढून मासे पकडायच्या शर्यती लावत. गावची नदी कारखान्यांनी नासवलेली, म्हणून रेल्वेने लिंकनशायर गाठायचं. काठावरची जागा चिठ्ठ्या टाकून ठरे. ज्याच्या माशांचं वजन जास्त, तो विजयी. १८७८ साली शेफिल्डचेच खासदार मुंडेला यांनी कायदा करून घेतला : १५ मार्च ते १५ जून, माशांच्या विणीच्या काळात, गळ बंद. इंग्लंडच्या बहुतेक नद्यांवर ही बंदी आजही आहे.

१९०३ मध्ये या क्लबांचा राष्ट्रीय संघ झाला, १९०६ मध्ये थेम्सवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा.

पुढे डर्बीच्या एका क्लबाने तर कमालच केली. डरवेंट नदीत गरम पाणी आणि घाण सोडल्याबद्दल ब्रिटिश सेलानीज कंपनी, वीज मंडळ आणि चक्क डर्बीची नगरपालिका यांना कोर्टात खेचलं. १९५२ साली अपिलातही क्लबच जिंकला. कारण साधं : तिथे मासे धरायचा हक्क त्यांच्या मालकीचा होता.

नदी सगळ्यांचीच, असं आपण म्हणतो. पण सगळ्यांची म्हणजे कोर्टात उभं राहायला कुणाचीच नाही, असं तर होत नाही ना? तुम्हाला काय वाटतं?