तुलना कशी करायची? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंकडून शिकूया



पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला घेतला की एक विषय हमखास सुचतो : ‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’. पण तुलना म्हणजे नेमकं काय करायचं, असं गाईडनं विचारलं की गाडी तिथंच अडते. माझं शिक्षण विज्ञानाचं. आमच्याकडे साधा नियम आहे : दोन्ही गटांना माप एकच लावायचं. एका गटाचंच मोजमाप घेतलं आणि दुसऱ्याला हातच लावला नाही, तर ती तुलना नव्हेच.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. देऊळगाव राजाहून चिखलीमार्गे आपण कामासाठी बुलढाण्याला जातो ना, त्याच बुलढाण्यात १८५० च्या सुमारास ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासदही. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. नवरा घरजावई असल्यामुळे लग्नानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या. त्यांच्याकडे ना पदवी होती, ना कुठल्या संस्थेचं पाठबळ.

आता प्रसंग बघा. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रात सगळ्या स्त्रीजातीलाच दोष दिला गेला. त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ताराबाईंचं ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक आलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती छापल्या गेल्या, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाचा राग सगळ्यांना दिसतो. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून त्यातली पद्धत बघा. मला तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी : आरोप सुटे करणं. स्त्रिया संशयी, धाडसी, कपटी असतात, असं जुन्या संस्कृत श्लोकांत एका दमात म्हटलं जायचं. ताराबाई तो गठ्ठा सोडतात आणि एकेक दोष वेगळा तपासतात. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल वेगळे करतात.

दुसरी पायरी : तेच माप दुसऱ्या बाजूला लावणं. हा दोष पुरुषात आहे की नाही? असेल तर किती? बायको गेल्यावर पुरुष लगेच दुसरं लग्न करतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. नवरा गेला तर बाईचं केशवपन होतं, शुभकार्यात तिला पुढे येऊ देत नाहीत. घटना एकच, जोडीदाराचा मृत्यू. मग परिणाम दोन का? १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा होऊन पंचवीस वर्षं उलटली होती, तरी हा प्रश्न जागचा हलला नव्हता. म्हणून सभा भरवून भाषणं ठोकणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत.

तिसरी पायरी : कारण शोधणं. बाई ‘बिघडली’ असं म्हणून त्या थांबत नाहीत. तिला फसवणारा कोण, तो कुठं गेला, त्याला शिक्षा का नाही, हे विचारतात. विजयालक्ष्मीच्या खटल्यात नेमकं हेच निसटत होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई होती.

मर्यादाही नोंदवूया. पतिव्रताधर्माची चौकट ताराबाई पूर्णपणे नाकारत नाहीत. आजच्या स्त्रीवादाच्या व्याख्या त्यांच्यावर लादू नका आणि त्यात बसत नाहीत म्हणून त्यांना बाजूलाही सारू नका. १८८२ मध्ये त्यांच्यासमोर कोणते पर्याय होते, त्यावरून मोजा.

पुढे काय झालं? पुस्तकावर टीका झाली, सत्यशोधकांतूनसुद्धा झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि जगभरच्या विद्यापीठांत ताराबाईंचा अभ्यास होऊ लागला.

यातून आपण काय घ्यायचं? रिव्ह्यू ऑफ लिटरेचर करताना ‘या विषयावर पूर्वी कुणी लिहिलेलं नाही’ हे वाक्य फार जपून लिहा. १९७० साली एखाद्यानं ‘एकोणिसाव्या शतकात मराठी बाईनं पुरुषसत्तेची अशी चिरफाड केली नाही’ असं लिहिलं असतं, तर ते तेव्हा खपून गेलं असतं आणि तरी चूकच ठरलं असतं. सापडत नाही आणि नव्हतंच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी नियतकालिकं, वाद-प्रतिवाद, दुसऱ्याच्या लेखात आलेले उल्लेख चाळा. ‘सत्सार’मधल्या उल्लेखासारखा एखादा धागा तिथंच हाती लागतो.

आणि आज एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला तुलनेचा तक्ता काढा. दोन्ही रकान्यांना तुम्ही एकच प्रश्न विचारलाय का, ते बघा. नसेल, तर गाईडकडे जाण्याआधी तक्ता बदला.