अक्षरविभाजन, इंग्रजी

दीर्घ इंग्रजी शब्दाची उच्चारघटकांत फोड करण्याची पद्धती. येथे अक्षर म्हणजे लिहिलेला वर्ण नव्हे, तर एका स्वराच्या आधारे एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह होय. इंग्रजीत शब्दाच्या घडणीच्या व उच्चाराच्या सीमा पुष्कळदा जुळत नाहीत. त्यामुळे ही फोड व्युत्पत्तीनुसार करावी की उच्चारानुसार, हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे.

या विसंगतीचे मूळ शब्दसंग्रहाच्या इतिहासात आहे. जर्मानिक कुळातील शब्दांत आघात सामान्यतः धातूवर असतो आणि प्रत्यय लागूनही ढळत नाही, उदा., फ्रेंड, फ्रेंडली, फ्रेंडलिनेस. नॉर्मन विजयानंतर (१०६६) फ्रेंचमधून आणि प्रबोधनकाळात लॅटिन-ग्रीकमधून आलेल्या शब्दांत मात्र आघाताचे स्थान बव्हंशी प्रत्ययावर अवलंबून असते. तो ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्या व ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्या अक्षरावर पडतो. आघात सरकला, की मागे राहिलेला स्वर दुर्बल होतो आणि दोन ग्रीक घटकांमधील सांधा कानाला जाणवेनासा होतो.

टॉमस डिलवर्थच्या १७४० मधील वाचनपाठात लॅटिन वळणाची फोड होती. दोन स्वरांमधील व्यंजन तो पुढील अक्षराला जोडी. ‘क्लस्टर’ची फोड ‘क्ल’ व ‘स्टर’ अशी करी आणि अखेरचा ‘शन’ हा प्रत्ययही दोन अक्षरांत मोडी. त्यामुळे मुलाने पाठ केलेला शब्द बोलण्यातील शब्दापासून दूर जाई. अमेरिकन शिक्षक नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) याने १७८३ च्या आपल्या वाचनपाठात ‘क्लस-टर’ अशी फोड केली व ‘शन’ हे एकच अक्षर मानले. विभाजनाने मुलाला अचूक उच्चाराकडे न्यावे, हे त्याचे सूत्र होते. अमेरिकन कोशांत हीच पद्धती रूढ झाली. ब्रिटिश मुद्रणपरंपरेत मात्र ओळीच्या शेवटी शब्द तोडताना व्युत्पत्तीचाही विचार होत राहिला.

१९८३ मध्ये फ्रँक्लिन लिआंगने स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकासाठी ४,४४७ वर्णाकृतींची सारणी तयार केली. कोशातील सु. ८९ टक्के विभाजनस्थाने तिने ओळखली. तथापि ‘रेकॉर्ड’सारखा शब्द नाम असता पहिल्या व क्रियापद असता दुसऱ्या अक्षरावर आघात घेतो आणि त्यानुसार त्याची फोडही बदलते. अशा ठिकाणी केवळ लेखनावरून निर्णय होत नाही. वाक्यातील अर्थच पाहावा लागतो.