सामानगडावर, पूर्वजाच्या पहाऱ्याला

आपले पूर्वज सामानगडाचे किल्लेदार होते, असं तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. चला, प्रत्यक्षच बघून येऊ.

साल 1844, महिना जुलै. गडहिंग्लजच्या बाजूनं तुम्ही गड चढताय. पायाखाली निसरडा जांभा, वरून आषाढाची झड. दरवाज्याच्या आडोशाला एक माणूस उभा आहे. वय चाळिशीचं, पाय अनवाणी, अंगावर घोंगडीची खोळ. हातातल्या तोड्याच्या बंदुकीची जामगी त्यानं खोळीच्या आत छातीशी धरलीय. ती भिजली तर बंदूक आणि काठी यांत फरक उरत नाही. हाच तो तुमचा पूर्वज.

“किल्लेदार आपणच का?”

“न्हाई वो पाव्हणं. आमी पाऱ्यावरची मानसं. हवालदार वरच्या अंगाला ऱ्हातोय.”

तुमचा थोडा हिरमोड होतो. पण थांबा, या माणसाची कुळकथा किल्लेदारापेक्षा कमी नाही. शिवकाळापासून गडाचा कारभार हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस अशा अंमलदारांत वाटलेला. त्यांच्या हाताखाली राबणारा हा गडकरी. नोकरी पिढीजात, बाप थकला की मुलगा पहाऱ्याला उभा राहायचा. चाकरीच्या बदल्यात जमीन मिळालेली. पहारा सांभाळायचा आणि जमीन कसायची, असा हा साधा करार. त्यावर पिढ्या जगल्या. बाहेर राज्यं बदलली, पेशवाई बुडाली, तरी कोल्हापूर संस्थानच्या गडांवर हा करार चालूच राहिला.

आता मात्र त्याच्या बोलण्यात धास्ती आहे. कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन राजा आहे. मुंबई सरकारनं कारभारी म्हणून दाजी कृष्ण पंडित यांना नेमलंय. त्यांच्या नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या अंमलदारांकडून काढून मामलेदारांच्या ताब्यात दिल्या जाताहेत. कागदावर हा नुसता खातेबदल. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र पुढचं दिसतंय. आज जमिनीवर मामलेदार आला, उद्या सारा येईल, परवा जमीनच जाईल.

म्हणून तुमच्या डोळ्यांदेखत गडकरी दरवाजा लावून घेतात. दोघं-तिघं मिळून जाडजूड अडसर भिंतीतल्या खोबणीतून ओढतात. तुमचा पूर्वज त्याला खांदा देतो. घोषणा नाही की भाषण नाही. ज्या दरवाज्याची राखण बापजाद्यांनी केली, तोच आता सरकारच्या तोंडावर बंद झालाय. थोड्याच दिवसांत भुदरगडाचे गडकरीही तेच करतात.

सप्टेंबरात बेळगावहून इंग्रजी फौज येते. गडावर पाण्याची ददात नाही. जांभ्यात खोदलेल्या विहिरी आहेत. धान्य मोजून वाटलं जातंय. तटावरून खालची छावणी रोज थोडी वाढलेली दिसते. मग मोठ्या तोफा डागल्या जातात आणि तटाला खिंडार पडतं. 13 ऑक्टोबरला, घट बसायच्या दिवसांत, फौज आत घुसते. हल्ल्यात जेम्स आउट्रमही आहे, पुढे 1857 साली लखनौला गाजलेला. तुमच्या पूर्वजाचं त्या दिवशी काय झालं, ते विचारायला त्या धुरात कोणी सापडत नाही. तुम्ही गड उतरता.

गड पडला तरी बंड संपत नाही. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती लागतो आणि पन्हाळ्यावर कैदेत पडतो. 1 डिसेंबरला पन्हाळाही पडतो. सावंतवाडीकडे मनोहरगडावर धुमश्चक्री पुढच्या वर्षापर्यंत चालते. तिथले कित्येक जण शेवटी पोर्तुगीजांच्या गोव्यात आश्रय घेतात. मग इंग्रज मुळावरच घाव घालतात. गडांची तटबंदी पाडली जाते, पन्हाळ्याचा चार दरवाजा जमीनदोस्त होतो, पिढीजात गडकरी ही पद्धतच मोडीत निघते. बंड मोडण्याचा खर्चही कोल्हापूर संस्थानाच्याच माथी बसतो.

आता परत 2020 च्या दशकात या. कपाटातली गंजकी तलवार या माणसाविषयी काहीच सांगणार नाही. तो जमिनीवर जगला, तेव्हा त्याला जमिनीच्या कागदांत शोधा. घरातला सातबारा आणि जुने फेरफार काढा. गावात तुमच्या आडनावाच्या शेतांना गडाशी जोडलेलं काही नाव आहे का, ते म्हाताऱ्यांना विचारा. मग कोल्हापूरच्या पुरालेखागारात जा. तिथले जुने कागद मोडीत आहेत. वाचता येत नसेल तर मोडीचे वर्ग करा किंवा जाणकाराला सोबत न्या. सनदा, हजेरीचे कागद आणि 1844 नंतरच्या जबान्या वेगवेगळ्या बघा. हजेरीत तो नाईकाच्या हाताखालचा एक असामी असेल, इंग्रजी कागदांत बंडखोर, तुमच्या आजीच्या तोंडी किल्लेदार. माणूस एकच. तिन्ही रूपं शेजारी ठेवल्याशिवाय तो पुरता दिसत नाही.

नाव सापडलं की एक मोह टाळा. त्याला बढती देऊ नका. लग्नपत्रिकेत आणि वंशावळीत ‘किल्लेदार’ लिहिणं सोपं आहे. पण गड राखले ते मूठभर किल्लेदारांनी नव्हे, असल्या शेकडो पहारेकऱ्यांनी. आणि करार मोडला तेव्हा दरवाजा लावून घेण्याची हिंमतही त्यांनीच दाखवली. तेव्हा वंशावळीत त्याच्या नावापुढे ‘गडकरी, सामानगड’ एवढंच लिहा.