चीक गाईचा आणि आईचा

आमच्या चांदूर रेल्वेत गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटतात. आईचा पिवळा चीक मात्र 'बाळाला पचत नाही' म्हणून पिळून टाकायची पद्धत होती, वर मधाचं बोट! हे काही आज्यांचं खूळ नव्हे हं. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवर मध-तूप द्या, असं सुश्रुतसंहितेतच आहे. आमच्या भाषेत 'लेगसी कोड'. जन्मल्याबरोबर आंघोळही तशीच. ओलं बाळ गार पडतं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं: बाळ उबेत ठेवा, लवकर पाजा, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी! मोठं हॉस्पिटल न बांधता. २०११पासून देशभर आशाताई बाळ बघायला घरी येतात, ते या कामामुळेच.