विस्तारित सुरक्षा अद्यतने

उत्पादक कंपनीने नियमित आधार थांबवलेल्या जुन्या सर्व्हर सॉफ्टवेअरसाठी ठरावीक मुदतीपुरती, बहुधा शुल्क घेऊन पुरवली जाणारी सुरक्षा-दुरुस्ती. तीत नव्या सोयी नसतात. फक्त गंभीर व महत्त्वाच्या त्रुटी बुजवल्या जातात.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज सर्व्हर २००८’चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर ‘विंडोज सर्व्हर २०१२’चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. २०१२ आवृत्तीसाठी ही सेवा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे तीन वर्षे आहे. संस्थेच्या स्वतःच्या जागेतील सर्व्हरसाठी तिचे पैसे मोजावे लागतात. कंपनीच्या ‘अझुर’ क्लाउडवर हलवलेल्या सर्व्हरना ती विनामूल्य मिळते. अझुरचा २०१५ मध्ये सुरू झालेला ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यात आहे. त्यामुळे पुण्यातील संस्थांना आपली माहिती शहराजवळच ठेवून हा पर्याय निवडता येतो.

आधार संपलेली प्रणाली किती धोक्याची, हे मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने दाखवले. तेव्हा ‘विंडोज सर्व्हर २००३’साठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. सशुल्क मुदत हा कायमचा उपाय नव्हे. त्या काळात जुन्या सर्व्हरांची नोंद, नव्या आवृत्तीवरील चाचणी आणि स्थलांतर पूर्ण करणे अत्यावश्यक असते.