रुग्णशय्येपाशी पोहोचलेली सेवा

रुग्णाची शुश्रूषा हे आपल्या घराघरांतील जुने व्रत होय. जैन परंपरेने ‘वैयावृत्त्य’ या नावाने तिची गणना अभ्यंतर तपांत केली आहे. तथापि घरातील ही सेवा आणि सरकारी आरोग्यव्यवस्था यांचा मेळ बसावयास महाराष्ट्रात दीर्घ काळ लागला.

इ. स. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोग्यांच्या शोधार्थ गोरे सैनिक घरांत शिरले. परिणामी लोक रोगी लपवू लागले. हेतू रोगनिवारणाचा होता. पण विश्वासच उरला नाही, तेव्हा उपायाचेच भय वाटू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करीत होत्या. संसर्ग होऊन १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला.

परक्या रोग्याची शुश्रूषा करणे त्या काळी प्रतिष्ठित घरच्या स्त्रीस कमीपणाचे मानले जाई. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. तत्पूर्वी १८५९ मध्ये इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने, पत्नीच्या अखेरच्या आजारात सेवा करणाऱ्या परिचारिकेस स्वखर्चाने गरिबांच्या घरी पाठविले होते. शहरातील गृहशुश्रूषेचा पाया त्यातून घातला गेला.

विदर्भाने यात मोलाची भर घातली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत देशाने स्वीकारली.

आज बुलडाणा जिल्ह्यातही ‘आशा’ कार्यकर्ती बाळ-बाळंतिणीच्या चौकशीस घरी येते. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास बेचाळीस दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. १८९७ साली ज्या उंबरठ्यावर भीती उभी होती, तेथे आता ओळखीची भगिनी उभी असते. अंतर पडले ते शिक्षणाने आणि विश्वासाने.

मात्र वृद्ध व अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची घरगुती शुश्रूषा अद्याप बहुतांशी सुना-लेकींच्याच खांद्यावर आहे. त्यांना शिक्षणाची जोड आणि परिचारिकेस योग्य मान व मोबदला मिळवून देणे, हे पुढील काळाचे वैयावृत्त्य ठरावे.