होडीवरचं छप्पर

आजच्या भागात लढाई नाही, तह नाही, राजाही ओझरताच भेटेल. आजचा इतिहास किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या एका होडीचा आहे. ऐकताना कुणाला वाटेल, यात इतिहास कसला? थोडं थांबा.

आधी एक साधा प्रश्न. जी होडी आठ-नऊ महिने समुद्रात असते, तिला पावसाच्या पाण्याचं एवढं भय का? आगोट जवळ आली की कोकणातले कोळी, गाबीत होड्या वर ओढतात आणि घर शाकारावं तशा त्या शाकारतात. पाण्यात राहणाऱ्या वस्तूला पाण्यापासून वाचवायचं!

उत्तर मिठात आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं फारसं चालत नाही. तिथला शत्रू वेगळा, लाकूड पोखरणारा, शिंपल्याच्या कुळातला जीव. होडी कोरडी झाली की तो मरतो. पण त्याच कोरड्या होडीत पावसाचं गोडं पाणी साचलं की बुरशीला रान मोकळं. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कूज धरायला लागते, आणि कोकणात तर हंगामाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणजे समुद्र जे वर्षभरात करत नाही ते आभाळ चार महिन्यांत करतं.

ही काळजी फक्त गरीब मच्छीमाराची नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे नि कशी करावी याचाही विचार आहे. समुद्र खवळण्याआधीच जहाजं सुरक्षित जागी न्यावीत, दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, अशा सूचना आहेत. त्याच प्रकरणात झाडांबद्दल सांगितलेलं तुम्ही ऐकलं असेल: आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. आपण झाडांचं वाक्य भाषणात घेतो आणि छावणीचं सोडून देतो. माझ्या मते दोन्हींच्या मागे एकच हिशेब आहे. लाकूड महाग असतं, आणि तयार जहाज कुजू देणं हा ते तोडण्याइतकाच मोठा तोटा.

मोठ्या जहाजांना खाडी होती, गोदी होती. छोट्या होडीला काय? झाप. नारळाच्या झावळ्या भिजत घालायच्या, मऊ झाल्या की विणायच्या. हे काम बहुतेक बायकांचं. होडीवर मधोमध आडवा बांबू, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरते झाप, आणि दोन्ही टोकं मोकळी. उलांडी सोडवून बाजूला. अगदी लहान होडी असेल तर सरळ उपडी घालायची, पण जमिनीला न टेकवता. बूच काढून ठेवायचं आणि होडी एका अंगाला किंचित कलती ठेवायची, म्हणजे चुकून आत आलेलं पाणी स्वतःच वाट काढतं. शाकारण्याआधी तेलाचा हात: माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, गावागणिक वेगळं. (आणि हो, सावली हवी म्हणून होडी माडाखाली ठेवू नये. नारळ पडतो.)

मग प्लास्टिक आलं. एका नाखव्यांनी मला त्यांच्या आजोबांच्या होडीची गोष्ट सांगितली. त्या वर्षी नवा निळा कागद आणला होता. झाप विणायचे कष्ट वाचले म्हणून घरात सगळे खूश. कागद होडीला चहूबाजूंनी जमिनीपर्यंत गच्च आवळून बांधला. पाऊसभर आत एक थेंब गेला नाही. श्रावणात सोडलं तर आतून कुबट वास आला, आणि मागच्या फळीत अंगठा रुतला. जमिनीची वाफ, लाकडातली ओल, सगळं कागदाखाली चढत होतं आणि रात्री थेंब होऊन परत होडीत उतरत होतं. दोन फळ्या बदलाव्या लागल्या. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा त्यांनी दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून काढली.

झाप पाऊस अडवतो आणि वारा सोडतो. आजही कागद वापरायला हरकत नाही, पण बांबूवर उंच ताणून, टोकं उघडी ठेवून.

आता होड्या फायबरच्या झाल्या. फायबर कुजत नाही, हे खरं; पण आत प्लायवूड घातलं असेल तर ते कुजतं. शिवाय वजनाचा हिशेब करा. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद उघडी होडी म्हणजे ढोबळ नऊ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की आत ९०० लिटर पाणी, म्हणजे ९०० किलो. बूच बंद राहिलं तर एका रात्रीत होडीच्या पोटात जवळपास एक टन, आणि खाली आधाराला दोनच ओंडके.

आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, म्हणून अनेकांना वाटतं की होड्या सरकारी नियमामुळे वर येतात. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१चा. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना तर या बंदीतून सूट असते. तरी मे महिना संपत आला की त्याही वाळूवर दिसतात, आणि त्यांच्या शेजारी अजून कुठे कुठे विणलेल्या झापांची चळत.